घरगाडीला माळा

घरगाडी मला फुकट मिळाली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गिरगावातली माणसं पहिला प्रश्न तोच विचारतात आणि पुढची हकीकत राहून जाते. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करायचा माणसाला हक्क नसतो, असं आमच्या वाडीतल्या कमलाकांतकाकांचं मत आहे. ते सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले असल्यामुळे त्यांना बऱ्याच गोष्टींवर मत आहे. या मताशी मात्र मी सहमत नाही.

मी विमा कंपनीत कारकून. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीचा विमा आमच्याकडे होता, म्हणून मला अधूनमधून तिथे जावं लागे. वखारीच्या मागे, सागाच्या ओंडक्यांच्या आडोशाला, दोन चाकांवर एक डबा उभा होता. पत्र्याचं गोलसर छप्पर, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या, मागे दार आणि पुढे मोटारीला अडकवायचा लोखंडी दांडा. लढाईच्या आधी कुणा साहेबाने तो विलायतेहून आणवला होता म्हणे. साहेब आणि मडम तो मोटारीमागे जोडून हिंडत, त्यातच स्वयंपाक करत आणि संध्याकाळ होईल तिथे मुक्काम ठोकत. साहेब गेला, डबा राहिला. मी पाहिला तेव्हा त्यात वखारीचा रखवालदार भिवा याच्या कोंबड्या राहत होत्या.

"न्यायचा तर न्या," वखारवाला म्हणाला. "शनिवारच्या आत हलवलात तर फुकट. आमचा ट्रक पोचवून देईल."

आता शहाण्या माणसाने तिथून हसून निघून जायला हवं होतं. मी का गेलो नाही, हे कळायला आमचं बिऱ्हाड ठाऊक असायला हवं. दामूशेटच्या वाडीत आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझे वडील, म्हणजे भाऊ, आई आणि माझे दोन धाकटे भाऊ. आतल्या स्वयंपाकघरात, पडद्यामागे, मी आणि माझी बायको सुमती. मधली भिंत वर आढ्यापर्यंत पोचत नव्हती. हवा खेळती राहावी म्हणून हातभर जागा सोडलेली होती. त्यातून हवा कधी आली नाही. बोलणं मात्र सगळं गेलं.

लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आठ वर्षांत सुमती आणि मी एकमेकांशी कुजबुजण्यापलीकडे बोललो नव्हतो. त्यातही भाऊंचा खोकला असे. भाऊ कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांच्या छातीत काही नाही असं तीन डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण पडद्यामागे कुजबूज सुरू झाली की त्यांना खोकला येई. "उद्या येताना मेथी आणा," असं सुमती माझ्या कानात म्हणाली, की बाहेरून आधी खोकला आणि मग भाऊंचा निकाल येई. "मेथी नको. वांगी आण."

एकदा सुमती म्हणाली, "मला तुम्हांला एक सांगायचंय."

"सांग ना."

"इथे नाही."

बाहेर खोकला झाला.

"मग कुठे?"

"जिथे मोठ्याने बोलता येईल तिथे," ती म्हणाली, आणि कूस वळवून झोपली.

माणसाचा जीव टांगणीला लागायला एवढं पुरतं. काय सांगायचं असेल? आईबद्दल काही असेल का? मी घरात कमी पडत असेन का? चौपाटीवर जावं, तर आमच्या मजल्यावरच्या सरोजिनीबाई तिथे भेळ खात भेटत आणि पुढचा वेळ आम्हां दोघांच्या मधे बसून काढत. सुमतीचं माहेर माहीमला, पण तिथे एका खोलीत सातजण. कारकुनाने आपल्या लग्नाच्या बायकोशी बोलायला खोली भाड्याने घ्यायची म्हटली तर मुंबईत त्याच्याकडे लोक वेगळ्याच नजरेने बघतात. म्हणून त्या कोंबड्यांच्या डब्याकडे पाहताना मला एकदम वर्सोव्याचा किनारा दिसला. चार दिवस. माड, समुद्र आणि मोठ्याने बोलणारी सुमती.

डबा आला तो शनिवारी संध्याकाळी, सत्तावन साली, संयुक्त महाराष्ट्र समितीने निवडणूक गाजवली त्या वर्षी. आमच्या वाडीला रस्त्याच्या बाजूने दगडी कमान आहे आणि कमानीवर दामूशेटच्या मुनिमाची खोली. ट्रकवाल्याने डबा कमानीसमोर आणला आणि सगळी वाडी गॅलऱ्यांत उभी राहिली. कमलाकांतकाका पुढे उभे राहून "आस्ते, आस्ते!" ओरडत होते. डबा कमानीखालून गेला तेव्हा छप्पर आणि दगड यांच्यामधे दोन बोटं जागा होती. मी स्वतः घालून पाहिली. या दोन बोटांचा मला फार अभिमान वाटला. पुढे जो भेटेल त्याला मी ती हकीकत सांगत असे, हातवारे करून, बोटं दाखवून. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर सगळे मलाच विचारत होते की तुला आठवलं कसं नाही.

जुनी घरगाडी दुरुस्त करण्याचा मला काहीही अनुभव नव्हता. मी आयुष्यात एकदा खुंटी ठोकली होती आणि ती भाऊंच्या टोपीसकट खाली आली होती. त्यामुळे लालबागच्या धोंडूला बोलावलं. धोंडू गिरणीत सांचे, म्हणजे माग, दुरुस्त करी आणि रविवारी सुतारकाम. गणपतीत त्याच्या हातची सजावट बघायला परळपासून माणसं येत.

"काय काळजी करू नकात, सायबानू," तो डब्याभोवती फिरून म्हणाला. "मी आसय मा."

त्याने आत पाऊल टाकलं आणि जमिनीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. फळ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. त्या रविवारी एवढंच काम झालं, धोंडूचा पाय बाहेर काढायचं. पुढच्या रविवारी त्याने फळ्या उचकटल्या, तर खालचा लोखंडी सांगाडा गंजलेला. तो खरवडला, तर चाकाचा दांडा वाकलेला. एक गोष्ट हातात घेतली की तिच्यामागे दुसरी उभी. मी कचेरीतून येऊन पत्रा घासत बसे आणि वरून गॅलरीतून सल्ले येत. "उभा घास, आडवा नको." "आधी रॉकेल लाव." "रॉकेल लावू नका हो मनमोहनराव, वास जात नाही." नवी खिडकी बसवली की सकाळी तिच्यावर कुणाची तरी गोधडी वाळत असे. छप्पर चकचकीत केलं, तर सरोजिनीबाईंनी त्यावर पापड घातले. पत्रा तापतो म्हणून पापड खडखडीत वाळतात, असं त्यांनी माझं कौतुक केलं.

कमलाकांतकाकांचा आक्षेप मूलभूत होता. "मनमोहन, दार मागे आहे."

"हो."

"वर्सोवा उत्तरेला. म्हणजे जाताना सबंध वाटभर दार दक्षिणेला. दक्षिणेला दार करून संसार घेऊन निघणार तू?"

दार डाव्या बाजूला घेतलं. आता जाताना ते पश्चिमेला आणि येताना पूर्वेला राहणार होतं. काकांचं समाधान झालं. मागच्या भोकावर धोंडूने फळ्या मारल्या आणि जिथे साहेबाची चूल होती तिच्याभोवती, मी न सांगता, मोर कोरलेलं मखर बसवलं. स्टोव्ह त्यात देवासारखा दिसू लागला.

हिरवा रंग देऊन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठून पाहतो, तर डब्याच्या अंगावर टोकापासून टोकापर्यंत पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." वाडीतल्या पोरांचं काम. घोषणेशी माझा वाद नव्हता. मीही हुतात्म्यांच्या दिवशी काळी फीत लावून कचेरीत गेलो होतो. पण हिरव्या रंगाचे दोन हात मी स्वतः दिले होते, गुडघ्यांवर बसून. पुसायला गेलो तर पोरं म्हणाली, "मनमोहनराव, तुम्ही महाराष्ट्र पुसताय?" मी फडकं खाली ठेवलं.

त्या अक्षरांमुळे चौकीवरून एक फौजदार आला. डब्याला त्याने छडीने दोन टोले मारले.

"ही गाडी कशासाठी?"

"बाहेरगावी जायला."

"मोर्चाला नेणार?"

"नाही हो."

"मग आतून काय नेणार?"

"बायको," मी म्हणालो.

फौजदाराने छडी काखेत मारली. त्याचं लग्न झालेलं असावं, कारण पुढे काही न विचारता तो निघून गेला.

मग परवाना. वाहनांच्या कचेरीतल्या साहेबाने विचारलं, "इंजिन कुठाय?" मी म्हटलं, इंजिन नाही, मागे जोडायची आहे. तो म्हणाला, "इंजिन नाही तर वाहन नाही. आत काय आहे?" मी म्हटलं, दोन बाकं, चूल, पाण्याची टाकी. "मग ते घर झालं. म्युनिसिपालिटीत जा." म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर वाडीत आला, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाला, "याला चाकं आहेत. हे घर नव्हे." मी दोघांची गाठ घालून देतो म्हटलं, तर दोघांनाही राग आला. आमचे भटजी त्या मानाने व्यवहारी निघाले. "चाकं आहेत म्हणजे वाहन, चूल आहे म्हणजे वास्तू," ते म्हणाले. "दसऱ्याला झेंडूही घालू आणि वास्तुशांतही करू." दक्षिणाही अर्थात दोन.

आणि मग माळा.

मुंबईच्या माणसाला माळ्याशिवायची खोली पाहवत नाही. घरगाडी पाहायला येणारा प्रत्येक जण आत वाकून डोकावे, वर पाही आणि त्याचा चेहरा पडे. "सगळं छान आहे, पण सामान कुठे ठेवणार?" आई म्हणाली, पितळेचा डबा ठेवायला तरी जागा हवी. काका म्हणाले, वरची हवा अशी फुकट घालवणं बरं नव्हे. धोंडूने तर कपाळालाच हात लावला.

"माळो नाय तर घर कसला, सायबानू? आमच्या लालबागच्या खोलयेत चार माणसा वर झोपतत नि चार खाली. छप्पर हातभर वर उचलूया. आख्खो माळो बसतलो."

त्या रात्री पडद्यामागे सुमती माझ्या कानात म्हणाली, "चार दिवसांसाठी माळा कशाला हवा?"

मी उत्तर देणार इतक्यात बाहेर खोकला झाला. "माळा हवाच," भाऊ म्हणाले.

झालं. पुढच्या दोन रविवारांत छप्पर हातभर वर गेलं आणि माळा तयार झाला, सागाच्या फळ्यांचा, पुढे कठडा लावलेला. धोंडू वर खिळे ठोकत होता आणि खाली मी राजारामला, कचेरीतल्या माझ्या मित्राला, डबा कमानीखालून कसा आला ते सांगत होतो. "दोन बोटं!" मी म्हणालो. "अवघी दोन बोटं!" राजाराम म्हणाला, "कमाल आहे!" वर ठोकणं चालूच होतं. त्या आवारात तेव्हा निदान वीस सुशिक्षित माणसं हजर होती.

दिवाळीनंतर निघायचं ठरलं. परवान्याशिवायच. राजारामच्या मेहुण्याची जीप आली. भाऊ मुंबईबाहेर घर नेण्याच्या विरुद्ध होते. "घर जाग्यावर असावं" एवढं बोलून ते आत पडून राहिले. बाकी सगळी वाडी खाली उतरली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. सुमतीने माहेरची जांभळी साडी नेसली होती. ती आत बाकावर बसली, मांडीवर पोळ्यांचा डबा घेऊन, आणि खिडकीतून माझ्याकडे पाहून हसली. आठ वर्षांत तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

जीप कमानीखालून गेली. मग एक आवाज झाला. तो कशाचा हे कळायला कुणालाच वेळ लागला नाही. झेंडूची माळ तुटून खाली पडली आणि मुनीम वरच्या खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "कोण आहे?"

सगळी वाडी कमानीकडे पाहत राहिली. मग सगळ्यांनी माळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "दोन बोटं होती ना रे?" कमलाकांतकाकांनी शांतपणे विचारलं.

चाकांतली हवा सोडली. तरी वीतभर कमी पडत होतं. धोंडू म्हणाला, कमानीचा एक दगड काढू. मुनीम म्हणाला, मग मी खाली येईन, दगडासकट. जीप परत गेली. डबा ढकलत मागे नेताना सुमती आत तशीच बसून होती. उतरली, वर गेली, साडी बदलली आणि पोळ्यांचा डबा उघडून सगळ्यांना वाढलं. तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण भांडायलाही जागा लागते.

"माळा काढून टाकतो," मी रात्री म्हणालो. आश्चर्य म्हणजे बाहेर खोकला झाला नाही.

पण माळा काढायला गेलो, तर तो भरलेला होता. काकांची दोन पिंपं, सरोजिनीबाईंचा जुना पाळणा, गणपतीची सजावट, आईची पितळी भांडी. डबा आता कुठे जायचा नाही असं ठरल्याबरोबर सगळ्यांनी आपापलं सामान चढवलं होतं. त्यातच म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर पुन्हा आला. त्याने आत डोकावलं, वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "माळा आहे!" तो म्हणाला. "आधी का नाही सांगितलं? मग ही खोलीच." त्याने खोली म्हणून नोंद केली. आता माळा पाडायचा तर बांधकामात फेरफार, आणि त्याला मंजुरी हवी. मी अर्ज केला. अर्ज पुढे गेला एवढं मला माहीत आहे. कुठे गेला ते माहीत नाही.

त्यानंतर घरगाडी वाडीची झाली. मॅट्रिकला बसणारे तिथे अभ्यास करत, पाहुणे तिथे झोपत, पत्त्यांचा डाव तिथे पडे. माझ्या दोघा भावांनी खिडकीजवळचं बाक कायमचं धरलं. दोन बाकांच्या त्या खोलीत आम्हां दोघांना पाच मिनिटं बसायला कधी मिळालं नाही. सुमतीने तो विषयही काढला नाही. मीच एकदा विचारलं, "तुला काय सांगायचं होतं?" ती म्हणाली, "राहू दे. आता काय?" हे 'आता काय' मला त्या कमानीपेक्षा जोरात लागलं.

मग साठ सालचा मे महिना उजाडला. महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. पहिल्या तारखेला दुपारी वाडीतून लेझीम निघालं. आई, धाकटे भाऊ, सरोजिनीबाई, फेटा बांधलेले कमलाकांतकाका, कडेवरची पोरं, सगळे मिरवणुकीला गेले. मुनीमसुद्धा खोलीला कुलूप लावून गेला. भाऊ काळी टोपी घालून, काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाले होते. मी चपला घालत होतो, तेव्हा सुमती म्हणाली, "थांबा."

मी थांबलो. वाडीत आवाज नव्हता. नळ कुणीतरी अर्धवट सोडला होता, तो तेवढा ठिबकत होता. दामूशेटची वाडी रिकामी असू शकते, हे मला जन्मापासून ठाऊक नव्हतं.

आम्ही खाली जाऊन घरगाडीत बसलो, समोरासमोर, दोन बाकांवर. दार उघडंच ठेवलं. बंद कुणासाठी करायचं? बाहेरच्या पांढऱ्या अक्षरांतलं जे व्हायला पाहिजे होतं ते झालेलं होतं.

"सांग आता," मी म्हणालो.

सुमती पुढे वाकली आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली.

"अगं, मोठ्याने बोल. कोणी नाही."

ती गोंधळली. बोलायला गेली, तरी आवाज तेवढाच आला. सवय जडलेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्या हातभर उघड्या भिंतीचा मनापासून राग आला. तिसऱ्यांदा ती बोलली, ते ऐकू आलं.

"मला गाता येतं."

"काय?"

"गाता येतं. माहीमला सहा वर्षं शिकत होते. तुम्ही बघायला आलात तेव्हा भाऊंनी विचारलं, गाण्याबिण्याचा नाद नाही ना? माझी आई म्हणाली, नाही. मग मी तशीच राहिले."

"आठ... अकरा वर्षं झाली, सुमती. मला सांगायचं तरी!"

"सांगून काय केलं असतंत? ऐकायला जागा कुठे होती?"

मी म्हटलं, "गा."

तिने पदर सावरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी चाचरत, मग सावकाश, मग तिचा आवाज वर चढू लागला. मला गाण्यातलं कळत नाही. मला एवढंच कळलं की मी जिच्याशी लग्न केलं ती बाई आज मला पहिल्यांदा भेटत होती, पिंपं आणि पाळणा भरलेल्या एका माळ्याखाली. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज एकदम खाली गेला, जसा कुणी भिंतीपलीकडे असावं. मग तिने ते कसंबसं पुरं केलं.

तेवढ्यात वरून, आमच्या गॅलरीतून, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी दारातून मान बाहेर काढून पाहिलं. कठड्याशी भाऊ बसले होते. चपलेचा अंगठा तुटला म्हणून नाक्यावरूनच परतले होते. तुटकी चप्पल हातात होती, टोपी मांडीवर.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली.

सुमती माझ्यामागे उभी राहिली. तिने माझा दंड घट्ट धरला होता.

"दुसऱ्या कडव्याला आवाज दाबलास," भाऊ म्हणाले. ते आमच्याकडे पाहत नव्हते, चपलेकडे पाहत होते. "पुन्हा म्हण. मोठ्याने."

सुमती घरगाडीच्या पायरीवर, उघड्या दारात येऊन उभी राहिली आणि तिने ते कडवं पुन्हा म्हटलं, मग सबंध गाणंच पहिल्यापासून म्हटलं. ते संपेपर्यंत भाऊ एकदाही खोकले नाहीत.